पाचपैकी तीन

बाड कान्स्टाट, स्टुटगार्ट
१४ जानेवारी

ईश्वरीताई,

तिळगूळ घे, गोड बोल. लांबूनच.

वड्या केल्या होत्या, पाक जास्त झाला. ह्यांनी एक दाताखाली धरली आणि म्हणाले, ‘ही ऑफिसात टेस्टिंगला देतो, गाडीच्या बंपरपेक्षा टिकेल.’ अन्वीने नुसती चाटली आणि म्हणाली, ‘मामा, हार्ट.’ मला वाटलं, पोरीच्या छातीत दुखतंय की काय! तर हार्ट म्हणजे इथल्या भाषेत कडक. किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, जायला लागल्यापासून मी मराठीत विचारते आणि ती जर्मनमध्ये उत्तर देते. मला मामा म्हणते, इथं आईला तेच म्हणतात. स्वतःच्या पोरीची मी मामा झाले, बघ.

फोन न करता लिहितेय, कारण फोन लावला की तुझ्या सासरचं सगळं घर स्पीकरभोवती बसतं, आणि इकडं हे माझ्या शेजारीच बसलेले असतात. मोबाईलवर मला मराठी टाइप जमत नाही, जोडाक्षरंच सापडत नाहीत. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते. तू पण तसंच कर.

ताई, मला भीती वाटतेय.

ह्यांना डोंगराचं वेड आहे ते तुला माहीत आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मला पाहुण्यांत बसवून दातेगडावर गेलेला माणूस. पण तो आपला डोंगर, करवंदाच्या जाळ्या आणि माकडं. इथं रेल्वेने काही तासांवर आल्गॉय म्हणून डोंगरांचा भाग आहे, थंडीत सगळा पांढरा. ऑफिसातला मातियास आणि याना म्हणून एक पोरगी, दोघं तिथं पार आत जातात. रस्ता नाही, दुकान नाही, माणूस नाही. यंदा ह्यांना बरोबर घेतायत. पायाला सुपाएवढे स्नोशू बांधायचे आणि बर्फावरून चालत चढायचं.

परवा एक डबी आणली, पट्ट्याने छातीला बांधायची. मी विचारलं, रेडिओ आहे का? म्हणाले, ‘पीप्सर आहे. माणूस बर्फाखाली गेला की दुसऱ्याच्या डबीवर पीप पीप वाजतं, मग कळतं कुठं खणायचं.’ मिक्सरचं बटण समजावून सांगावं तसं सांगितलं.

मग अन्वीला घेऊन खेळत बसले. एक डबी रजईखाली लपवली, मातियासची मागून आणली होती ती तिच्या हातात दिली. ती खोलीभर हिंडली, पीप वाढत गेला, तिने रजई उचलली आणि टाळ्या! ‘नोखमाल!’ म्हणजे परत. मग हे स्वतःच रजईखाली आडवे झाले. मी उठून स्वयंपाकघरात गेले. पांढऱ्या रजईखाली तोंडावर घेऊन पडलेला माणूस मला बघवला नाही.

दाजी तर मिलिटरीत, बर्फातच ड्यूटी. त्यांना विचार ना, बर्फ असा बसल्या जागेवरून कोसळतो का? आपल्याकडं पावसात दरड येते तसा? आणि आधी कळतं का?

तुझी
स्वरू


मल्हारपेठ, ता. पाटण
१७ जानेवारी

स्वरू,

तुझा फोटो मोठा करून करून वाचला. मामा झालीस ते बरं झालं, अन्वीच्या लग्नात मामा शोधायला नको. तूच उभी राहा तिच्या मागं.

तुझे दाजी ठीक आहेत. सध्या बोलणं कमी होतं, थंडीत तिकडं रेंज नसते तुला ठाऊकच आहे. बोलणं झालं की विचारते.

तू लहानपणापासून भित्री. कौलावरून मांजर गेलं तरी माझ्या पांघरुणात यायचीस. सगळ्या भीतीला पाट मांडून बसवू नये. पण ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

एक बोलते, राग मानू नको. तुझे दाजी जातात ते हुकमाने. वर जा म्हटलं की जायचं, बायको रडली काय आणि हसली काय. कपिलराव सुट्टी टाकून, डबा भरून जातात. मला वाचताना जरा रागच आला त्यांचा. ज्याला जावंच लागतं त्याच्या बायकोला विचार.

असो. हुकमाच्या माणसाला अडवता येत नाही, हौसेच्या माणसाला येतं. शपथ घालू नको, शपथेला पुरुष हसतात. रडू पण नको. इंजिनियर माणूस आहे, त्याला आकडा दे. इतक्याच्या वर गेलं की घरी, असं.

आई बरी आहे. तुझ्या वडीचं सांगितलं तर म्हणाली, पाकात पाण्याचा थेंब टाकून बघायचं असतं हे कार्टीला दहा वेळा सांगितलंय.

ईश्वरी


स्टुटगार्ट
२६ जानेवारी

ताई,

आकडा सापडला.

इथं फोनवर बर्फाचा अंदाज येतो, आपल्याकडं पावसाचा येतो तसा. रोज संध्याकाळी उद्याचा. एक ते पाच नंबर. एक म्हणजे खुशाल जा, पाच म्हणजे खालची गावंसुद्धा धोक्यात. दोन पिवळा, तीन केशरी. तीनला एरहेब्लिश म्हणतात. मंडळातली शमिका आहे ना, सॉफ्टवेअरवाली, दोन स्टेशन पलीकडे राहते, तिला अर्थ विचारला. ती म्हणाली, ‘एरहेब्लिश म्हणजे बऱ्यापैकी.’ बऱ्यापैकी काय गं? बऱ्यापैकी बरं की बऱ्यापैकी वाईट?

हे म्हणाले, ‘पाचपैकी तीन म्हणजे फर्स्ट क्लास.’ मला नववीपर्यंत गणितात पाचपैकी तीन कधी पडले नाहीत, पडले असते तर आबांनी पेढे वाटले असते. पण मातियास घरी आला होता तेव्हा भजी वाढता वाढता मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये त्याला विचारलं. त्याचं हसू गेलं. काहीतरी लांबलचक बोलला. ह्यांनी मला ते मराठीत सांगितलं नाही. पण ‘ड्राय’ म्हणजे तीन आणि ‘टोट’ म्हणजे मेलेला, एवढं मला कळतं. किटातला मासा टोट झाला होता तेव्हा अन्वी दोन दिवस तेच म्हणत होती. मी मागे लागले तेव्हा ह्यांनी सांगितलं, ‘चार-पाचला कोणी जातच नाही. तीनला लोकांना वाटतं जमेल. म्हणून बरीच माणसं तीनला जातात.’ जातात म्हणजे कुठं जातात ते मी विचारलं नाही.

परवा भाकरी थापत होते. तू पाठवलेलं ज्वारीचं पीठ अजून पुरवून वापरतेय. परातीत खाली पीठ जास्त पडलं आणि भाकरी गरगर फिरायला लागली. हे ओरडलेच, ‘हेच ते! बघ. डिसेंबरात थोडा बर्फ पडला, वर कडक थंडी, तो साखरेसारखा रवाळ झाला. मग त्याच्यावर खूप पडला, वाऱ्याने दाबून घट्ट झाला. पण खालची साखर त्याला धरत नाही. वर माणूस आला की आतून वुम्म असा आवाज येतो आणि अख्खी भाकरी सरकते.’ माझा पिठाचा हात धरून सांगत होते. किती दिवसांनी माझ्याकडं बघून एवढं बोलले. मला कळेना खूश व्हावं की घाबरावं. भाकरी करपली.

घरी असतात ना ताई, तेव्हा घरी नसतात. जेवतात, अन्वीशी खेळतात, पण डोळे खिडकीबाहेर. ऑफिसात काय होतं मला सांगत नाहीत. एकदाच म्हणाले, ‘तिथं मी कॉन्ट्रॅक्टवाला. डोंगरात मी नुसता तिसरा माणूस असतो, पुढचे दोघं वळून बघतात मी आलो का.’ त्यावर मी काय बोलणार? मी पण वळून बघते की रोज. मी मोजणीत येत नाही बहुतेक.

अट घातली. तीन झाला तर वळून यायचं. हात पुढं केला, ते हसले, पण हातावर हात दिला. ‘गेनाऊ,’ म्हणाले, म्हणजे अगदी तसंच, ‘तीन झाला तर वळून येतो.’

स्वरू


मल्हारपेठ
२ फेब्रुवारी

स्वरू,

तुझं पत्र तुझ्या दाजींना वाचून दाखवलं. भाकरीचं आलं तिथं ताटावरून उठून गेले. जाताना म्हणाले, ‘जाऊ देऊ नको म्हणावं.’ एवढंच.

मी सांगायचं ते सांगितलं. बाकी तुझ्या हातात.

पीठ संपलं की कळव. येणारं कोणी मिळालं तर पाठवते.

ईश्वरी


स्टुटगार्ट
१४ फेब्रुवारी

ताई,

दाजी ताटावरून उठले म्हणजे? दाजी घरी आहेत? मला तर तिकडं रेंज नसते म्हणाली होतीस. तेव्हाच विचारणार होते, पण अन्वीला ताप आला आणि राहून गेलं. पाय-बिय मोडून घेतला का? खरं सांग.

हे आज सकाळी गेले. तिथं आत एक लाकडी घर आहे, ह्युटे म्हणतात, रात्री तिथं राहणार, उद्या वर जाणार, परवा घरी. आजचा आकडा दोन आहे. मी स्वतः बघितला. पिवळा.

दाजी म्हणाले जाऊ देऊ नको. कसं अडवू सांग. बॅग भरताना शीळ घालत होते. लग्नाआधी मला बघायला आले तेव्हाच असं तोंड बघितलं होतं, त्यानंतर आत्ताच. ते तोंड बघितल्यावर नाही म्हणवेना. डब्यात धपाटे दिले आणि शेंगदाण्याची चटणी. मातियासला चटणी देऊ नका म्हटलं, मागच्या वेळी नाकातून पाणी आलं होतं त्याच्या.

दार लावलं आणि घर एवढं मोठं झालं. दोन खोल्यांचं घर ताई. ह्यांचा घरातला शर्ट धुवायला काढला होता, तो मी परत खुंटीला लावला. अन्वी विचारत होती, ‘पापा वेग?’ म्हणजे पापा गेले? म्हटलं, हो, येतील.

उद्याचा आकडा अजून आलेला नाही. बघत बसलेय.

स्वरू


स्टुटगार्ट
१५ फेब्रुवारी, दुपार

ताई,

आनंदाची बातमी आहे म्हणून घाईत लिहितेय.

काल फोनच बंद पडला, सकाळी उठून बघितलं तर केशरी. तीन! लगेच ह्यांना लिहिलं, तीन झालाय, तुम्ही कबूल केलंय, परत या. बटण दाबलं आणि लगेच खाली त्यांचं आलं, ‘येतो’.

एका शब्दात ऐकलं गं! मी उगाच मोजणीचं वगैरे लिहिलं तुला. माणसाने हात दिला तो पाळला.

तेव्हापासून फोन लागत नाही, पण गाडीत बोगदे असतात, मला माहीत आहे. भरली वांगी केली. भाकरीचं पीठ परातीत काढून ठेवलंय, आल्यावर गरम गरम थापीन. अन्वीला लाल स्वेटर घातलाय. आता दोघी हाउप्टबानहोफवर, म्हणजे मोठ्या स्टेशनवर, आणायला चाललोय. मी कधी आणायला गेले नाही, नेहमी घरीच वाट बघते. आज दिसले की अन्वीला सोडणार पळत, आणि तिच्या मागं मी.

दाजींना सांग, वळले म्हणावं.

स्वरू


मल्हारपेठ
१५ फेब्रुवारी

स्वरू,

स्टेशनवर बसली असशील तिथंच बस आणि वाच.

तो ‘येतो’ तुझं वाचून आला, की नुसता आला? नीट बघ. आपल्यात घराबाहेर पडताना ‘जातो’ कोण म्हणतं? सासूबाई गिरणीत दळण घेऊन जातात तरी ‘येते गं’ म्हणतात. तुझे दाजी चौकीवर वर चढायच्या आधी शेवटचा फोन करायचे, तेव्हा हाच शब्द. ‘येतो.’ म्हणजे चाललो.

मी चुकीची असू दे. देव करो आणि तू हे वाचायच्या आत ते गाडीतून उतरलेले असू देत, मग मला खुशाल शिव्या घाल. पण नसले तर वांग्यांचा विचार करत बसू नको. मातियासच्या घरी कोण असेल त्यांना फोन लाव. शमिकाला बोलाव. एकटी राहू नको.

मी फोन हातात घेऊन बसलेय. स्पीकर बंद केलाय.

ईश्वरी


केम्प्टन
१६ फेब्रुवारी

ताई,

आहेत. जिवंत आहेत. काल फोनवर मी नुसती रडले, तुला काही कळलं नसेल म्हणून लिहिते. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये बसलेय. नर्सने कागद दिला.

उल्मकडून येणारी एक एक गाडी बघितली. माणसं उतरायची, अन्वी माझा हात ओढायची, ‘पापा कोम्ट?’ म्हणजे पापा येतोय का? मी म्हणायची, कोम्ट, कोम्ट. मग तुझं पत्र वाजलं. वाचलं. परत फोन उघडून बघितलं तर माझ्या निरोपाला एकच टिक. तो त्यांच्याकडं गेलाच नव्हता. फोनमुळे पीप्सर बिघडतो म्हणे, म्हणून ‘येतो’ टाकून त्यांनी लगेच फोन बंद केला होता. माझं आणि त्यांचं वाटेत एकमेकाला चुकलं. मी त्यांच्या जाण्याला येणं समजून वांगी चिरत बसले.

त्याच बाकावर बसलेली असताना अनोळखी नंबर आला. बाई होती. बेर्गवाख्टमधून, डोंगरात माणसं सोडवतात ते लोक. भराभर जर्मन. त्यातून एक शब्द कळला, लाविने. म्हणजे बर्फाची दरड. हा शब्द मी महिनाभर फोनवर बघत होते. पुढचं काही ऐकू येईना. अन्वीने वर बघितलं आणि माझ्याकडून फोन घेतला गं. तीन वर्षांची पोर. ‘पापा टोट?’ असं विचारलं तिने. माझ्या तोंडून जे निघत नव्हतं ते. मग फोन मला दिला. बाई सावकाश म्हणाली, ‘एर लेब्ट. एर लेब्ट.’ लेब्ट म्हणजे जगतोय.

शमिकाने गाडीतून केम्प्टनला आणलं, ह्यांना डोंगरातून इथल्या दवाखान्यात आणलंय. वाटेत अन्वीला केळं दिलं.

तिघं एक उतार आडवा ओलांडत होते, एका वेळी एक. मातियास गेला, याना गेली, हे शेवटी. मधे आले आणि वुम्म झालं. अख्खा उतार ह्यांना घेऊन खाली. पूर्ण आत गेले होते ताई, हात पण बाहेर नव्हता. त्या दोघांनी डबीवर शोधलं, सळईने टोचून बघितलं, खणलं. तोंड निळं होतं म्हणे. मग हेलिकॉप्टर.

दोन बरगड्या मोडल्यात. बाकी काही नाही, डॉक्टर म्हणतात नशीबवान. मी आत गेले. माझ्याकडं बघितलं. मी हात धरला, त्यांनी धरू दिला. बोलले नाहीत. अन्वी म्हणाली, ‘पापा, काल्ट?’ म्हणजे गारठलास का. तर तिच्याकडं पण नुसतं बघत राहिले.

मी रागवायचं ठरवून आले होते. सगळं वाटेत पाठ केलं होतं. त्याऐवजी त्यांचा हातच चोळत बसले.

स्वरू


मल्हारपेठ
१८ फेब्रुवारी

स्वरू,

आता तुझ्यापासून लपवायला कारण उरलं नाही.

तुझे दाजी दिवाळीनंतर लगेचच बर्फाखाली गेले होते. चौकीवर, तंबूसकट. चौघं होते. दोघांना काढलं, त्यातले एक हे. बाकीच्या दोघांची नावं मी लिहीत नाही, त्यांच्या बायका मला ओळखतात. उजव्या हाताची दोन बोटं गेली. आधी मिलिटरी दवाखान्यात होते, डिसेंबरपासून घरी आहेत. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तुला सांगू नका असं मीच बजावलं, तू तिकडं एकटी, पोर लहान. मग तू त्याच बर्फाचं लिहायला लागलीस. आता सांगते उद्या सांगते करत राहिले.

पण बोटांचं नाही गं काही. माणूस बोलतच नाही. पाणी दे, नको, बरं, एवढंच. मी समोर बसून शेंगा सोलते, ते भिंतीकडं बघतात. सासूबाई म्हणतात, आलाय ना घरी, आणखी काय पाहिजे तुला? काय पाहिजे ते कसं सांगू त्यांना. नवरा बॉर्डरवर असताना मला त्याचा एवढा विरह नव्हता. फोन यायचा, भांडायचो, हसायचो. आता एका घरात राहून त्याची आठवण येते.

तुला घाबरवायला लिहीत नाही. तू एकटी नाहीस एवढंच कळावं. तुझे ते बोलतील. बोलले नाहीत तर तुझी चूक आहे असं समजू नको. मी अडीच महिने तेच समजतेय.

तुझ्या दाजींना कपिलरावांचं सांगितलं. ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘किती खोल?’ डिसेंबरपासून पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं. मला माहीत नव्हतं.

ईश्वरी


स्टुटगार्ट
२ मार्च

ताई,

तुझं पत्र किती वेळा वाचलं सांगू नाही शकत. तू एवढं गिळून मला भाकरीच्या पिठाचं विचारत होतीस. भेटलीस की तुला मारणार आहे मी.

हे घरी आलेत. आलेत म्हणजे सोफ्यावर आहेत. रजई घेत नाहीत, नुसता स्वेटर घालून झोपतात. खिडकी लावू देत नाहीत. हिटरचे पैसे जातात म्हणून हाउसमायस्टर, म्हणजे आमच्या बिल्डिंगचा सांभाळणारा, येऊन बोलून गेला. मी त्याला ‘मान क्रांक’ म्हटलं, नवरा आजारी. तो गप्प गेला. अन्वी आणि मी टोपी घालून जेवतो.

मातियास येतो. रडतो. हे त्याला पाठीवर थोपटतात, पण बोलत नाहीत. जर्मन नाही, इंग्रजी नाही, मराठी नाही. काल मी हट्टाला पेटले. समोर जाऊन बसले, म्हटलं, अहो, माझ्याशी भांडा तरी. तुम्हाला तीन माहीत होता का नव्हता, एवढं सांगा. मान वळवली. मग म्हणाले, ‘चहा ठेव.’

ताई, मला तो पहिला माणूस परत पाहिजे. शीळ घालणारा. डोंगराकडं बघणारा सुद्धा चालेल. निदान कुठंतरी बघत होता.

एक मनात आलंय. दाजींनी विचारलं ना, किती खोल? मी मातियासला विचारलं. सव्वा मीटर. दाजींना सांग. आणि म्हणावं, पुढचं त्यांनी स्वतःच ह्यांना विचारावं. आपण दोघी बाहेरच्या आहोत गं. आपण कितीही विचारलं तरी वरूनच.

स्वरू


स्टुटगार्ट
९ मार्च

ताई,

आज जे झालं ते लगेच लिहितेय, नाहीतर विसरेन. माझ्याकडं एकच बाजू आहे. दुसरी तुझ्याकडं असेल.

दाजींचा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते. ह्यांनी नाव बघितलं, उचलला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी अन्वीला चित्रं लावून दिली आणि पॅसेजमध्ये बुटांच्या कपाटावर बसले. चोरून ऐकलं. लाज नाही वाटली.

आधी खूप वेळ काहीच नाही. मला वाटलं कट झाला. मग हे म्हणाले, ‘सव्वा मीटर.’ मग, ‘हो.’ दोघं नुसते फोन धरून बसले होते बहुतेक.

मग म्हणाले, ‘हो दाजी, सगळं ऐकू येत होतं. ते माझ्या डोक्यावर चालत होते. मातियास नाव घेत होता माझं. मी ओ देत होतो.’ आणि जरा वेळाने, ‘नाही. एकदा पण नाही ऐकू गेलं त्याला.’

ताई, मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं खाली अंधार आणि शांत असेल. मी इतके दिवस समोर बसून हाका मारतेय, अहो, अहो. ते ओ देत असतील का आतून?

मग म्हणाले, ‘तीन होता. ह्युटेत आदल्या संध्याकाळी कळलं होतं. मी तिला शब्द दिला होता. पण ते दोघं बूट बांधत होते. मी एकट्याने कसं म्हणायचं, बायकोला कबूल केलंय, मी घरी जातो? लाज वाटली.’ आणि मग रडायला लागले. बरगड्या मोडलेल्या, रडता पण येत नव्हतं नीट.

मला राग यायला पाहिजे होता. मी दाराला हात लावून उभी होते फक्त.

आणि मग, ताई, एकदम हसले. मोठ्यांदा. ‘आई गं, हसवू नका, दुखतंय’ म्हणाले आणि परत हसले. दाजी काय म्हणाले गं? तीन आठवड्यांनी माझ्या घरात हसण्याचा आवाज आला, अन्वी चित्रं सोडून पळत आली. ‘पापा लाख्ट!’ पापा हसतोय.

बाहेर आले तेव्हा डोळे सुजलेले. मी कपाटावर बसलेय ते बघितलं. म्हणाले, ‘ऐकलंस ना सगळं?’ म्हटलं, हो. म्हणाले, ‘बरं झालं. मला दोनदा सांगता नसतं आलं.’ मग माझ्या शेजारी बसले. त्या कपाटावर दोघं मावत नाहीत. बसलो.

स्वरू


मल्हारपेठ
१० मार्च

स्वरू,

घे, माझ्याकडची बाजू.

दुपारी जेवण झाल्यावर तुझ्या दाजींनी डाव्या हाताने स्वतःच नंबर लावला आणि माजघरात गेले. मी पुढच्या पायरीवर लसूण सोलत बसले. एक गड्डी सोलून झाली तरी आतून आवाज नाही. मग ‘किती खोल?’ ऐकलं. मग म्हणाले, ‘मला दीड व्हतं. पण आम्हाला तंबू व्हता वर.’

मग विचारलं, ‘तुला ऐकू येत व्हतं का?’ तू काय ऐकलंस ते तू लिहिलंयस. इकडं हे नुसतं ‘हां’ म्हणत होते. मधेच म्हणाले, ‘मला शेजारचा बी ऐकू येत व्हता. नंतर नाही आला.’ तो शेजारचा कोण ते मला ठाऊक आहे. माझ्या हातातला लसूण खाली पडला.

लाजेचं बोलले असतील तेव्हा तुझे दाजी म्हणाले, ‘कपिलराव, मला बी वळायचं व्हतं त्या दिवशी. मी बी बोललो नाही.’ बघ, आणि मी तुला लिहिलं होतं हुकमाचा माणूस आणि हौसेचा माणूस. मला काय माहीत होतं?

आणि हसले का ते सांगते. दाजी म्हणाले, ‘वरनं आमचे सुभेदारसाहेब शिव्या घालत व्हते, कुठं मेलायस म्हणून. आणि मी खाली पडल्या पडल्या सारखा जी साब, जी साब करत व्हतो. सलाम ठोकायला हात सुटंना.’ तिकडं तुझा नवरा हसला, तसे हे पण हसायला लागले. दोन माणसं दोन देशांत, गाडली गेल्याच्या गोष्टीवर पोट धरून हसतायत. सासूबाई देवघरातून बाहेर आल्या, माझ्याकडं बघितलं, परत आत गेल्या.

खरं सांगू, मला हेवा वाटला. तीन महिने मी भाकऱ्या वाढल्या, पाय शेकले, आणि मन मोकळं केलं ते तुझ्या नवऱ्यापाशी. बसल्या जागी डोळे भरून आले. लसणामुळं म्हणायची पण सोय नाही, तो काय कांदा आहे?

फोन ठेवला. दारात येऊन उभे राहिले. ऊन उतरलं होतं, मी तशीच बसलेले, साली मांडीवर. बराच वेळ माझ्याकडं बघितलं. भिंतीकडं नाही, माझ्याकडं. मग म्हणाले, ‘बाहेर का बसलीस ईश्वरी? आत ये.’

साली झटकल्या आणि गेले.

ईश्वरी